झाडाला टांगलेला फोन आणि नको असलेली विक्री



एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. गावात टॉवर नाही. बोअरिंगजवळच्या ऐनाच्या झाडाखाली तेवढी रेंज मिळते. म्हणून निरोपाची वाट पाहणारी मंडळी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या फांदीला टांगून ठेवतात. वाजला की जवळ खेळणारं पोर हाक मारतं आणि मालक धावत येतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी गडचिरोलीला हलवलं होतं. सोबत त्याचा मेहुणा होता. दुपारी फोन वाजला. हा शेतातून अनवाणी धावत आला. पलीकडून हिंदीत एक बाई विचारत होती, कर्ज हवं आहे का? त्याला वाटलं दवाखान्यातलीच कुणी बाई आहे, तो ऐकत राहिला. त्याच वेळी मेहुणा रक्ताच्या सोयीसाठी फोन लावत होता आणि त्याला लाइन बिझी मिळत होती. पुढे रक्त मिळालं, आई-बाळ सुखरूप घरी आली. पण त्या दिवसापासून या गड्याने अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. मग आशाताईंनी नवा नंबर घेतला आणि लसीकरणाच्या दिवसाचा त्यांचा फोनही त्याने उचलला नाही. विक्रीच्या फोनने वेळ जातो, चीड येते, हे आपण नेहमी बोलतो. त्यांच्यामुळे गरजेचा फोनही परका होतो, ते मात्र बोलत नाही.

यावर नियम आहेत आणि ते जुने आहेत. हर्ष पाठक या वकिलांनी अशा फोनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. पुढे २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ‘फोन करू नका’ अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. २०११ मध्ये नियम अधिक कडक झाले. सध्याची व्यवस्था २०१८ च्या नियमांवर उभी आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

आपण करायचं ते सोपं आहे. १९०९ या क्रमांकावर फोन लावा आणि सांगतील तसं करा. किंवा मेसेज पाठवा: इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, एक जागा सोडून शून्य. जाहिरातीचे सगळे फोन नकोत, असा त्याचा अर्थ. शून्याऐवजी दुसरा आकडा टाकला तर तेवढाच विषय बंद होतो; १ म्हणजे बँक, विमा, कर्ज; २ म्हणजे प्लॉट-फ्लॅट; ३ म्हणजे शिक्षण. बँकेचा ओटीपी किंवा पैसे जमा झाल्याचा मेसेज यामुळे थांबत नाही. तेंदूपत्त्याचे पैसे खात्यात आल्याचं कळणार नाही, या भीतीने कित्येक जण नोंदच करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

नोंद करूनही फोन येतात, ही तक्रार खरी आहे. माझंच सांगतो. नोंदीनंतरही एका दुकानाचे मेसेज येतच राहिले. तावातावाने चौकशी केली, तेव्हा कळलं की चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेत मी स्कूटरच्या सोडतीचं कुपन भरलं होतं. त्यावर बारीक अक्षरांत संमती छापलेली होती आणि खाली माझी सही! आपण स्वतः दिलेली संमती नोंदीपेक्षा वरचढ ठरते. ती मागे घेता येते, पण आधी दिल्याचं आठवायला तर हवं. स्कूटर अर्थातच लागली नाही.

दुसरा प्रकार साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्री करणाऱ्यांचा. नोंदणीकृत विक्रेत्याचा नंबर १४० ने सुरू व्हायला हवा. बँकांनी व्यवहाराच्या फोनसाठी १६०० ची मालिका वापरावी, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. दहा आकडी नंबरवरून कुणी माल खपवू लागला की तो नियम मोडतो, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायला आता आधी नोंद केलेली असण्याचीही गरज नाही. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे; २०२५ च्या दुरुस्तीने सात दिवस मिळाले. फोन कशाबद्दल होता ते थोडक्यात, मग स्वल्पविराम, तो नंबर, पुन्हा स्वल्पविराम आणि तारीख, एवढं लिहून १९०९ ला पाठवायचं. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी पंधरा दिवस त्याचे बाहेर जाणारे फोन बंद. पुन्हा पुन्हा केल्यास वर्षभर सगळ्याच कंपन्यांची जोडणी बंद. पाच हा आकडा फार मोठा नाही. एका बचत गटात तेवढ्या बाया असतातच.

ठगांना मात्र या नोंदवहीची पर्वा नसते. केवायसीच्या नावाने कुणी पैसे उकळले तर १९०९ नव्हे, ताबडतोब १९३० लावा.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या गावात गेलो, तेव्हा ऐनाखाली बसून बटणांच्या फोनवर एकेकाचा मेसेज लिहून दिला. इंग्रजी अक्षरं जुळवताना माझीही दमछाक झाली. एका आजीबाईंनी फोन पुढे केला आणि लगेच मागे घेतला. त्यांचा मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला.

“गुरुजी, सब्बन बंद केलं त पोराचा फोन येईन ना?”

येईल म्हटलं. त्यांना पटेना. मेसेज गेल्यावर मला माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावायला सांगितलं. तो वाजला. त्यांनी कानाला लावला आणि समोर बसलेल्या मला मोठ्यांदा विचारलं, “कोण बोलतं?”