परत मिळालेला व्हिडिओ तपासून घ्या
जुलै 2005 आणि जुलै 2019 मधले उल्हास नदीचे पूर बदलापूरकरांना आठवत असतील. अशा पुरात भिजलेल्या हार्ड डिस्कमधले लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ तज्ज्ञांना कधीकधी परत मिळवता येतात. पण फाइलचं नाव दिसलं म्हणजे ती शाबूत आहे, असं नाही. आकार शून्य असेल, तर आत काहीच नाही. एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका अनेकदा शेवटी असते. ती तुटली, तर चित्रीकरण असूनही फाइल उघडत नाही. उघडली, तर सुरुवात, मध्य, शेवट चालवून बघा. चित्र फुटतंय का, आवाज मागेपुढे होतोय का, हे पाहा. एफएफएमपेग हे मोफत साधन पूर्ण फाइल वाचून त्रुटी दाखवतं. तपासणी संपेपर्यंत मूळ डिस्कवर नवं काहीही साठवू नका.