मोटारीचा क्लच आणि डावा पाय

मी काही यंत्रशास्त्राचा अभ्यासक नव्हे. पण चार वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी जे घडले, त्यामुळे या विषयात मला लक्ष घालणे भाग पडले. पुलापलीकडच्या चढावर पुढची एस.टी. थांबली, म्हणून मीही मोटार थांबविली. माझ्यामागे उसाने भरलेली बैलगाडी होती. एस.टी. निघाली, मी क्लच सोडला, मोटारीने आचका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, तर या खेपेस ती हातभर मागेच आली. आरशात बैलांची शिंगे दिसू लागली. भरल्या गाडीचे ओझे चढावर तोलून धरताना त्या मुक्या जनावरांचे गुडघे कसे थरथरतात, हे तुम्हांला मी सांगावयास नको. शेवटी गाडीवानाबरोबरच्या पोराने माझ्या चाकामागे धोंडा लावला. "दमानं घ्या, मास्तर," एवढेच गाडीवान म्हणाला.

खिशात परवाना होता, बरं का! मग चुकले कोठे? शिकवणीच्या मोटारीत शिकविणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच असतो. मी चुकलो की तो गृहस्थ मुकाट्याने आपला पाय दाबी आणि मोटार सुरळीत चाले. मला वाटे, मीच चालवितो आहे! फळ्यावरचे गणित मास्तरांनीच सोडवावे आणि पोराने उतरून घ्यावे, तसला हा प्रकार. शिक्षक मंडळींच्या हे चटकन ध्यानात येईल.

आता क्लच म्हणजे काय ते पाहू. इंजिन नुसते सुरू असले तरी त्याच्या टोकाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असते. मोटार उभी असताना रस्त्यावरची चाके मात्र अगदी निश्चल. या दोघांची गाठ एकाएकी घालून चालत नाही. म्हणून मध्ये खरखरीत अस्तराची एक तबकडी बसवितात, ती क्लचप्लेट. जोरदार स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा हा दाब निघून जातो. थोडक्यात, पेडल दाबले की इंजिन चाकांपासून तुटते आणि पेडल सोडले की जोडले जाते. नवशिक्याचा निम्मा गोंधळ या उलट्या व्यवहारातून होतो.

कुंभाराच्या फिरत्या चाकावर हात हलकेच टेकवून पाहा. आधी तो नुसता घासतो, मग ओढला जाऊ लागतो. तो ओढ लागण्याचा क्षण डाव्या पायाला कळला पाहिजे. तो बोलून सांगता येत नाही, पण त्याच्या खुणा सांगता येतात. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, पेडलखाली बारीक थरथर जाणवते आणि मोटार पुढे जाऊ पाहते.

पट्ट्यावरची जुनी पिठाची गिरणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मोकळ्या चाकावरचा पट्टा सरकवून पक्क्या चाकावर आणला की जाते फिरू लागे. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत हीच युक्ती होती. १८८८ साली त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, तेव्हा चढावर मुलांनी मोटार ढकलली. त्यानंतर कार्लने आपल्या मोटारीला चढासाठी आणखी एक गिअर जोडला. तेव्हा चढावर फजिती होणारे आपण काही पहिले नव्हे!

सराव कसा करावा? सुटीच्या दिवशी मोकळे, सपाट मैदान गाठा. पोरेबाळे व गुरे आसपास नकोत. पहिला गिअर टाका. ॲक्सिलरेटरला पायच लावू नका. टाच खाली टेकवून क्लच अगदी सावकाश सोडत या. हल्लीच्या बहुतेक मोटारी तेवढ्यावर मुंगीच्या चालीने निघतात. हे पन्नास वेळा करा. मी चार रविवार हेच केले, लोक हसले, हसोत बापडे. मग चढाकडे वळा. हँडब्रेक ओढून ठेवा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, क्लच सोडता सोडता मोटारीचे नाक जरा उचलल्यासारखे झाले की हँडब्रेक खाली करा. मोटार मागे येत नाही.

एक वाईट खोड फार जणांना असते. चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर मोटार तोलून धरावयाची. तेवढा वेळ तबकडी घासत राहते, तापते आणि जळका, उग्र वास येतो. चालताना क्लचवर पाय विसावत ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. गिअर पडला की पाय बाजूला घ्यावा. चढावर इंजिन गुरगुरते पण वेग वाढत नाही, असे होऊ लागले तर प्लेट झिजली आहे असे समजून मिस्त्रीला दाखवावे. नवी प्लेट घालण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खरा खर्च त्यात आहे.

थांबताना मात्र घाबरून आधी क्लच दाबू नका. आधी ब्रेक, आणि मोटार थांबत आली की क्लच. कारण क्लच दाबताच इंजिनाची चाकांवरची ओढ सुटते. घाट उतरताना तर हे पक्के ध्यानात असू द्या. आंबोली असो की कसारा, खालच्या गिअरमध्ये उतरावे म्हणजे इंजिन मोटारीला मागे धरते. तेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडली, तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण मग ब्रेकच्या पेडलची मदत जाते आणि सुकाणूही जड होते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सैल चपला घालून मोटार चालवू नये. चप्पल निसटून पेडलखाली अडकली तर क्लचही दबत नाही आणि ब्रेकही. मी आता चपला मागच्या बाजूला काढून ठेवतो आणि साधे कापडी बूट घालतो. त्या चढावर बाजाराच्या दिवशी अजूनही बैलगाड्या असतात. मी आधीच अंतर ठेवून थांबतो, आणि तो धोंडा अजून तिथे कडेला पडलेला आहे.