क्वार्टरमधील विजेची सुरक्षा : खर्च किती, मोल किती?

(बंगळूर येथील मराठी भाषिक रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा यांवर आपण प्रत्येक सभेत बोलतो. आज आपल्या घरातल्या दारामागच्या स्विचबोर्डावर बोलायचे आहे. विषय लहान वाटेल, पण तो जिवाचा आहे.

याच बंगळूरच्या रस्त्यांवर १९०५ साली शिवनसमुद्रच्या विजेचे दिवे लागले. याच शहरात १९ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे काडुगोडी येथे पदपथावर पडलेल्या जिवंत तारेवर पाय पडून एक तरुण आई आणि तिची नऊ महिन्यांची मुलगी दगावली. साऱ्या देशाने ती बातमी वाचली. पण न्हाणीघरात गिझरला किंवा बादलीतल्या रॉडला चिकटून जाणाऱ्या माणसाची बातमी चार ओळींचीही होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे मेली.

आपल्यातले अनेकजण म्हणतात, "आमच्याकडे फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली?" इथेच गैरसमज आहे. फ्यूज आणि एमसीबी वायरिंगला वाचवतात, माणसाला नव्हे. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअरच्या वर भार गेल्याशिवाय पडत नाही. माणसाचा जीव धोक्यात यायला ०.०३ अँपिअरच्या थोडा वर प्रवाह पुरतो. म्हणजे दोनशेपट फरक. माणूस तडफडत असतो आणि एमसीबीच्या लेखी सर्व काही ठीक असते.

माणसाला वाचवणारे उपकरण म्हणजे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. टपालातल्या बंधूंना ते लगेच कळेल. संध्याकाळी रजिस्टरच्या नोंदी जुळवताना एक पत्र जरी कमी भरले तरी हिशेब थांबतो. ही पेटी तेच करते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत पाहते. तूट दिसली की तो प्रवाह कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातो आहे असे समजून ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते.

मात्र तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर ती वाचवू शकत नाही. जादा भार आणि शॉर्टसर्किट तिला कळत नाही, म्हणून एमसीबीही हवीच. आणि अर्थिंग नसेल तर गळती आधी कळत नाही, कुणीतरी हात लावल्यावरच ती पडते. अर्थिंग चांगले असेल तर माणसाचा हात लागण्याआधीच पडते.

आता खर्च. आयएसआय खुणेची घरगुती आरसीसीबी आज साधारण दीड ते अडीच हजार रुपयांना मिळते. वायरमनची मजुरी धरून तीन हजार समजा. दहा वर्षांवर वाटले तर महिन्याला २५ रुपये. कुटुंबातला कमावता माणूस किंवा लेकरू गेले तर त्या नुकसानीचा हिशेब कोणत्या रजिस्टरात मांडणार?

दुसरी तक्रार अशी की, "बसवली, पण सारखी पडते, म्हणून जोडणी वळवून टाकली." बंधूंनो, बंगळूरचे बोअरवेलचे पाणी जड आहे. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात, ती फुटते आणि गळती सुरू होते. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात, तेही कारण असते. पेटी पडते म्हणजे ती आपले काम करते आहे. रेल्वेत बिघाड झाला की सिग्नल लाल होतो. म्हणून आपण लाल दिवा फोडत नाही, बिघाड शोधतो.

आता मुख्य प्रश्न, पैसे कोणी द्यायचे? क्वार्टर घेताना आपण घरभाडे भत्ता सोडतो. लायसन्स फी पगारातून कापली जाते. म्हणून क्वार्टरमधले वायरिंग सुरक्षित ठेवणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. आमची मागणी स्पष्ट आहे : प्रत्येक क्वार्टरला आरसीसीबी, तीन तारांचे वायरिंग आणि अर्थिंगची दरवर्षी मोजणी. हा विषय आम्ही पीएनएममध्ये लावून धरू. टपाल वसाहतींतल्या बंधूंनी आपल्या संघटनेमार्फत तेच करावे.

पण मागणी मंजूर होईपर्यंत हात बांधून बसणे हे शहाणपण नव्हे. "त्यांचे काम आहे, आम्ही का खर्च करू?" हे तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण विजेला तत्त्व कळत नाही. म्हणून स्वखर्चाने बसवण्याची परवानगी लेखी मागा, परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्या आणि पावती जपून ठेवा. परताव्यासाठी आम्ही भांडू. जे निवृत्त बंधू स्वतःच्या घरात राहतात, त्यांना तर वाट पाहायला कोणी उरलेलेच नाही.

शेवटी चार कामे. कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरची यादी करा : आरसीसीबी आहे की नाही, अर्थिंग आहे की नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. रॉड बंद करून पिन काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका. आणि पेटी असेल तर दर पगाराच्या दिवशी तिचे टेस्ट बटण दाबा. न पडल्यास ती निकामी समजून त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

यादी पुढच्या महिन्याच्या सभेपूर्वी शाखेकडे आली पाहिजे. आकडे हातात असतील तरच टेबलावर आपला शब्द चालतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!