जोडी जुळली पाहिजे

बैल विकत घेताना आपण एकट्या बैलाकडे पाहून पैसे मोजत नाही. दावणीच्या बैलाशी त्याची जोडी जुळेल का, हे आधी पाहतो. इंजिनातही अशीच एक जोडी असते. कॅमशाफ्ट झडपा उघडतो आणि स्प्रिंगा त्या मिटवतात. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेते, तेव्हा प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते आणि मिटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुधाच्या जुन्या जीपचे इंजिन मी खोलले. कॅमशाफ्ट झिजला होता. नवा मिळाला तो जास्त उचलीचा. तो बसवला, स्प्रिंगा मात्र दुसऱ्याच घातल्या. हाताशी होत्या त्या. पहाटे दुधाचे कॅन चढवले, सेल्फ मारला, आणि कडकड आवाज होऊन दोन पुशरॉड वाकले. दूध दारातच नासले. चूक माझीच. हिशेब साधा होता, पण तो मी केला नव्हता.

तो हिशेब असा. समजा, झडप मिटलेली असताना स्प्रिंगची उंची 40 मिलिमीटर आहे, आणि सगळे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत दाबली तर ती 30 होते. झडपेची उचल 9 असेल, तर स्प्रिंग 31 वर येते; 1 मिलिमीटर मोकळा राहतो. नव्या कॅमने उचल 11 झाली, तर स्प्रिंगला 29 वर यावे लागेल. पण 30 च्या खाली ती जाणार कशी? मग वाकतो तो पुशरॉड. उचल झडपेवरच मोजावी, बरं का. रॉकरमुळे ती बहुधा कॅमच्या उंचवट्यापेक्षा जास्त भरते.

दुसरी गोष्ट जोराची. स्प्रिंग नरम असेल, तर वेगात झडप वेळेवर मिटत नाही. प्रसंगी पिस्टनवर आपटते. म्हणून फार कडकही घालू नये. ती कॅम आणि टॅपेट खाते. कॅम बनवणाऱ्याने सांगितलेलाच दाब घ्यावा. झडपेची सीट घासली, की झडप आत बसते आणि स्प्रिंग सैल पडते. तिथे तेवढ्या जाडीची शिम घालावी.

शेवटी, सेल्फ मारण्याआधी प्लग काढून इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवावे. अडले तर जोर करू नये. उघडून मापे घ्यावीत.

गुरुजींनी ही वजाबाकी वर्गात जरूर घालावी. ती न केल्याचा दंड मी दुधात भरला आहे.