आकाशातला वाटाड्या



लढाईची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकवाला शिपाई उभा राहतो. आज मी तुम्हाला पेन्सिल हाती घेऊन लढलेल्या एका तरुणाची ओळख करून देणार आहे. त्याचे नाव टॉर्गर टॅरम. सोबती त्याला टेरी म्हणत. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, मायलो गावाजवळच्या शेतावर तो वाढला. वडील नॉर्वेहून आलेले. टेरी लहान असतानाच ते वारले. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर चाल केली आणि त्याच वर्षी टेरी कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाला.

लँकेस्टर या बाँबफेकी विमानात सात जण असत. त्यांतला नॅव्हिगेटर म्हणजे वाटाड्या. पुराच्या नदीतून पलीकडे जाताना आपला नावाडी नावेचे तोंड थेट घाटाकडे धरतो का? नाही. प्रवाह खाली ओढणार हे ओळखून तो ते वरच्या अंगाला धरतो. आकाशात वारा विमानाला तसाच ओढतो. म्हणून पडद्याआडच्या टेबलाशी, लहानशा दिव्याच्या उजेडात, वेग, दिशा, वारा आणि घड्याळ यांचा मेळ घालून नॅव्हिगेटर नकाशावर रेघा ओढी. बाहेर तोफा धडाडत, पण याचा हिशेब चालूच. तो चुकला की सातही जण भरकटले! शिक्षक बंधुभगिनींनो, भूमिती कशाला शिकायची असे विचारणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा.

१६ मे १९४३ च्या रात्री १९ लँकेस्टर जर्मनीतील धरणे फोडायला निघाली. म्होरके होते गाय गिब्सन, आणि त्यांचा वाटाड्या टेरी. बाँब पाण्यापासून बरोबर ६० फुटांवरून सोडायचा होता. विमानाखालच्या दोन दिव्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना भिडले की उंची बरोबर. ते झोत पाहून विमान खाली घ्या, आणखी खाली, असे सांगण्याचे काम टेरीचे. म्योने आणि एडर ही दोन धरणे फुटली. ८ विमाने परतली नाहीत. ५३ वैमानिक मेले. धरणांखाली १३०० हून अधिक माणसे बुडाली. त्यांत जर्मनीने सक्तीने राबवायला आणलेले परदेशी मजूर पुष्कळ होते. पराक्रम सांगताना ही माणसे गाळून कसे चालेल?

त्याच वर्षी सप्टेंबरात गिब्सन कॅनडाला गेले होते. कॅलगरीत ते टेरीच्या आईला भेटले. लेकाच्या सरदाराच्या तोंडून लेकाची ख्याती ऐकून त्या माउलीला काय वाटले असेल! पण पुढच्या काही दिवसांतच, १६ सप्टेंबरच्या पहाटेआधी, डॉर्टमुंड-एम्स कालव्यावरच्या मोहिमेत टेरीचे विमान पडले. गेलेल्या आठ विमानांपैकी पाच परतली नाहीत. टेरी तेवीस वर्षांचा होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याचा धाकटा भाऊ लॉर्न हाही असाच विमानातून जाऊन मेला. एका आईची दोन लेकरे गेली.

ब्रिटनच्या बाँबफेकी दलातील सुमारे सव्वा लाख वैमानिकांपैकी ५५,५७३ मेले. त्यांत कॅनडाचे सुमारे दहा हजार. अल्बर्टातील नँटन गावी त्यांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. २०१२ साली लंडनमध्येही स्मारक झाले. त्यावर वैमानिकांबरोबरच बाँबहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांतील लोकांचेही स्मरण केले आहे. मला हे योग्य वाटते. शूराचा मान राखावा, आणि ज्याच्या घरावर बाँब पडला त्यालाही विसरू नये. स्मरण पुरे होते ते तेव्हाच.