व्यसन सोडविताना वैद्याचे काम व आपले काम

(ज्युबिलीच्या निमित्ताने बपेरा येथे जमलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीचे वर्ष हे मुक्तीचे वर्ष होय. प्राचीन इस्राएल लोकांत पन्नासावे वर्ष उगवले म्हणजे रणशिंग फुंकून गुलामांस मोकळे करीत व हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत देत, हे लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आपण वाचले आहे. म्हणून आजच्या आनंदाच्या दिवशी आपल्या पूर्वजांचे गुणगान इतर वक्त्यांकडे सोपवून आम्ही आपल्यातील गुलामांविषयी चार शब्द बोलणार आहोत. हे गुलाम कोण, ते नावानिशी सांगावयास नको. धानाच्या कापणीची मजुरी ज्या घरी पोहोचण्यापूर्वीच संपते, ते घर कोणते हे गावात प्रत्येकास ठाऊक असते.

मोहाचे झाड आपल्या मुलखाचे वैभव आहे. चैत्रात त्याची फुले पहाटे वेचून कित्येक गरिबांनी आपली लेकरे जगविली. त्या झाडाचा दोष नाही. परंतु ‘घरची मोहाची आहे, बाधत नाही’ असे जे म्हणतात, ते स्वतःस फसवितात. मोहाच्या दारूत आणि दुकानातील मोहोरबंद बाटलीत मद्यार्क एकच आहे, आणि यकृतास व मेंदूस तो सारखाच बाधतो.

हे व्यसन सुटावे कसे, याविषयी आपल्यात दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, ‘मनुष्याने मनावर घेतले म्हणजे झाले, शपथ घालावी, प्रार्थना करावी, पुरे.’ दुसरा म्हणतो, ‘हा रोग आहे, दवाखान्यात टाका, गोळ्या द्या, बरा होऊन येईल.’ आम्ही दीर्घकाळ पहिल्या पक्षाचे होतो. ते मत आम्ही का सोडले, हे सांगताना आम्हांस आमचाच एक अपराध कबूल करावा लागणार आहे. आणि धर्मगुरूने इतरांची कबुली ऐकावी व आपली लपवावी, हे योग्य नव्हे.

पुष्कळ वर्षे झाली. आम्ही त्या वेळी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एक गृहस्थ वीस वर्षे नित्य पिणारा; सकाळी उठल्यावर दोन घोट घेतल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नसे. उत्तम शुक्रवारी तो पत्नीसह आमच्याकडे आला, रडला आणि क्रूसावर हात ठेवून ‘आजपासून थेंबही घेणार नाही’ असे बोलला. आम्हांस धन्यता वाटली. शनिवारी त्यास कंप सुटला व ओकाऱ्या होऊ लागल्या. पत्नी सांगण्यास आली, तेव्हा ‘ही प्रायश्चित्ताची कळ आहे, सोसू द्या’ असे आम्ही म्हटले. त्या रात्री त्यास एकदा आकडी आली. घरच्यांनी लाजेने ती लपविली. रविवारी, पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री, त्यास भिंतीवर किडे दिसू लागले, अंग तापले, घामाच्या धारा लागल्या व तो मृत आईशी बोलू लागला. शेजाऱ्यांनी ‘बाधा झाली’ असे ठरवून आम्हांस बोलाविले. आम्ही पवित्र पाणी घेऊन गेलो व पहाटेपर्यंत प्रार्थना करीत बसलो. गाडी मिळाली तेव्हा उजाडले होते. इस्पितळाच्या वाटेवरच त्याने प्राण सोडला.

त्या बिचाऱ्याने आपली शपथ अखेरपर्यंत पाळली. चूक त्याची नव्हती. ‘यास आजच डॉक्टरकडे न्या’ हे शब्द शनिवारी आमच्या तोंडून निघाले नाहीत, ही चूक आमची होय.

पुढे आम्ही डॉक्टर मंडळींकडून या गोष्टीचा उलगडा करून घेतला. तो येथे सोप्या शब्दांत सांगतो. दारू मेंदूस मंद करते. रोज दारू पडू लागली म्हणजे मेंदू त्या मंदपणावर मात करण्यासाठी आपला वेग वाढवितो. बैल गाडी पुढे ओढीत असता मागून कोणी दोर ताणून धरावा आणि बैलांनी अधिकच जोर लावावा, तसा हा प्रकार आहे. तो दोर एकाएकी तोडला तर गाडी उधळणारच. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, निद्रानाश व घाबरेपणा सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचे भय असते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नाही ते दिसते, वेळकाळाचे भान जाते, ज्वर चढतो. या अवस्थेस ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ असे नाव आहे. उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरते. ती भूतबाधा नव्हे, आणि पापाची शिक्षाही नव्हे.

यावर वैद्याचा उपाय असा, की दोर हळूहळू सैल करावयाचा. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या जातीची औषधे पहिल्या दिवशी पुरेशा प्रमाणात देऊन, पाच ते सात दिवसांत, क्वचित अधिक दिवसांत, ती उतरवीत नेतात. यकृत फार बिघडलेले असल्यास लोराझेपामसारखे औषध निवडतात. जोडीला थायामिन, म्हणजे ‘ब’ वर्गातील पहिले जीवनसत्त्व, टोचून देतात. कारण दारुड्याच्या शरीरात त्याचा दुष्काळ असतो, आणि त्याच्या अभावी मेंदूस कायमची इजा होऊन स्मृती जाते. सलाइनमधून साखर देण्यापूर्वीच हे थायामिन द्यावे लागते. यास्तव ‘एक ग्लुकोजची बाटली लावा आणि घरी पाठवा’ असा जो आग्रह आपण गावच्या दवाखान्यात धरितो, तो उपचार नव्हे. त्याचप्रमाणे वरील गोळ्या दुकानातून आणून आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांचीही सवय जडते, व दारूबरोबर घेतल्यास श्वास बंद पडतो.

मग प्रत्येकास इस्पितळात न्यावे काय? नाही. जो थोडी पितो, ज्यास सकाळी कंप होत नाही, ज्याची प्रकृती धड आहे व ज्याच्याजवळ रात्रंदिवस एक शहाणे माणूस बसू शकते, त्यास डॉक्टरच्या सल्ल्याने घरीच शांत खोलीत, पाणी, पेज व विश्रांती देऊन दारूपासून सोडविता येते. परंतु ज्यास पूर्वी आकडी किंवा भ्रम झाला आहे, जो पहाटे उठून पितो, ज्यास कावीळ, हृदयविकार किंवा मधुमेह आहे, जो वृद्ध आहे, किंवा जी स्त्री गरोदर आहे, त्यांनी एकाएकी घरी दारू सोडू नये. त्यांस तुमसरच्या सरकारी रुग्णालयात, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अथवा नागपूरच्या मेडिकलमध्ये नेऊन दाखवावे. आकडी आली वा भ्रम झाला तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

इतर व्यसनांचा स्वभाव निराळा आहे. अफू, गर्द वा हेरॉइन सोडताना हाडे मोडल्यासारखी दुखतात, जुलाब व ओकाऱ्या होतात. धडधाकट मनुष्याचा प्राण त्याने सहसा जात नाही. खरे भय पुढेच आहे. शरीराची सवय मोडलेली असते, आणि महिन्याभराने मोह पडून त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर तीच त्यास मारते. यास्तव अशा रुग्णांस ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध डॉक्टर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे देतात. ‘एक व्यसन सोडून दुसरे लावले’ असे म्हणून ते बंद करविणाऱ्या नातेवाइकांनी आपण काय करितो याचा विचार करावा. राहिला आपला खर्रा. तो सोडताना चिडचीड होते, लक्ष लागत नाही, पण जीव जात नाही. तो सोडण्यास उद्याचीही वाट पाहू नये.

आता काही खोट्या उपायांविषयी. ‘नकळत द्यावयाचे औषध’ म्हणून जे विकले जाते व आमच्या भगिनी वरणात कालवितात, त्यात पुष्कळदा डायसल्फिरॅम नावाचे द्रव्य असते. ते पोटात असता मनुष्य दारू प्याला तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडते. चोरून देणे हा त्याच्या प्राणाशी खेळ आहे. तसेच व्यसनी मनुष्यास साखळीने बांधून ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. ज्या घरात साखळी आहे, त्यास आश्रम म्हणोत वा उपचारकेंद्र, तेथे आपला मनुष्य ठेवू नका.

येथवर वैद्याची बाजू झाली. परंतु बंधूंनो, वैद्याचे हे काम साधारणतः सातआठ दिवसांचे आहे. आठव्या दिवशी मनुष्य शुद्ध होऊन त्याच अंगणात, त्याच मित्रांत, त्याच कर्जात परत येतो. औषधाने शरीरातील विष उतरते; जगण्याचे कारण औषधाच्या बाटलीतून मिळत नाही. तेथून पुढे आपले काम सुरू होते.

डब्लिन शहरातील मॅट टॅलबट हा मजूर अठ्ठाविसाव्या वर्षी, १८८४ साली, तीन महिन्यांची शपथ घेऊन दारूपासून दूर झाला आणि १९२५ साली मरेपर्यंत तसाच राहिला. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यास ‘पूजनीय’ ठरविले. त्याच्या अंगी इस्पितळाविना सोडण्याचे बळ होते. ती परमेश्वराची कृपा. परंतु त्याच्या उदाहरणाने आम्ही सर्वांवर तोच नियम लादू लागलो तर आमच्या त्या गृहस्थासारखे आणखी मरतील. मॅटचे खरे रहस्य त्या पहिल्या आठवड्यात नसून पुढील चाळीस वर्षांत आहे: रोजची मिस्सा, रोजची मेहनत, आणि दारूच्या गुत्त्याकडे न वळणारी पावले.

वैद्य व धर्म यांची सांगड कशी घालावी, हे एका संन्यासिनीने दाखविले. अमेरिकेतील ॲक्रन शहरी १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही व्यसनमुक्तांची बिरादरी जन्मली. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉक्टर होते. त्या काळी इस्पितळे दारुड्यांस दाराशी उभे करीत नसत. १९३९ साली तेथील सेंट थॉमस या कॅथलिक इस्पितळात सिस्टर इग्नेशिया यांनी त्या डॉक्टरांच्या रुग्णांस खाटा दिल्या. शरीराची शुद्धी चालू असतानाच जुने व्यसनमुक्त बंधू त्यांच्या उशाशी येऊन बसत, अशी तेथे रीत पडली.

आपल्या महाराष्ट्रातही हेच घडले. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे कृपा फाउंडेशन स्थापिले; त्यांनी बिरादरीच्या बारा पायऱ्यांस योगासनांची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता अवचट व श्री. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभारिले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास हातभार लाविला. तेथेही आधी औषधाने शरीर सावरतात, आणि मग कित्येक आठवडे समूहात बसून मनुष्य स्वतःविषयी खरे बोलण्यास शिकतो. एक संस्था धर्मगुरूने काढिली, दुसरी मानसरोगतज्ज्ञ बाईने; वाट मात्र दोघांची एकच ठरली.

तर ज्युबिलीची आठवण म्हणून आपण चार गोष्टी करू या. पहिली, यापुढे आमच्यापुढे कोणी शपथ घेण्यास आला तर आम्ही त्यास प्रथम विचारू, ‘सकाळी हात थरथरतो काय?’ थरथरत असेल तर आधी डॉक्टर, मग शपथ. आणि डॉक्टरकडे आम्ही स्वतः बरोबर जाऊ. दुसरी, इस्पितळातून परतलेल्या मनुष्याच्या घरी पहिले तीन महिने आपल्यापैकी कोणी ना कोणी रोज संध्याकाळी जाऊन बसावे. तीच वेळ कठीण असते. तिसरी, बारशास, लग्नास व तेरवीस दारू ठेवू नये. ख्रिस्तसभाही याबाबतीत किती सांभाळून घेते पाहा: परमप्रसाद केवळ भाकरीच्या रूपात घेतला तरी तो पूर्ण असतो, आणि व्यसनातून उठलेल्या धर्मगुरूस बिशपांच्या अनुज्ञेने द्राक्षाचा न आंबविलेला रस वापरता येतो. वेदीवर जी सवलत आहे, ती आपल्या मांडवात का नसावी? चौथी, मनुष्य पुन्हा घसरला तर ‘पाहा, आम्ही म्हटलेच होते’ असे कोणी म्हणू नये. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्यास गावाबाहेर घालवीत नाही. सल्ला हवा असल्यास १४४४६ हा सरकारी क्रमांक सर्वांनी घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय घरी जाऊन वाचा. वैद्यास मान द्या, तोही देवानेच नेमिला आहे, असा त्याचा आशय आहे. आणि त्याच अध्यायात प्रार्थनाही सांगितली आहे. चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या मनुष्याच्या जखमा आधी बांधिल्या, मग त्यास उतारशाळेत नेले, आणि ‘परत येईन’ असे सांगून गेला. जखम बांधणे वैद्याचे. उतारशाळा होणे आपल्या धर्मग्रामाचे. आणि परत जाणे तुमचे आमचे सर्वांचे.

त्या गृहस्थाच्या आत्म्यास चिरशांती लाभो, आणि त्याच्या मरणाने आम्हांस जे शिकविले ते आपल्यातील एखाद्याच्या तरी जगण्यास उपयोगी पडो. पवित्र मरीयेच्या मध्यस्थीने परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो. आमेन.