फोटोच्या मागे नाव लिहा

मी बत्तीस वर्षं फौजेत काढली. फोटोग्राफीतला मी जाणकार नाही. आज एकाच फोटोबद्दल बोलतो.

साल 1984. पठाणकोटच्या बाजारात एक म्हातारबाबा तिवईवर लाकडी पेटीचा कॅमेरा मांडून बसायचे. वर पोस्टवर जाण्याआधी जवान त्यांच्याकडून फोटो काढून घरी पाठवत. एकदा सातारकडचा आमचा एक पोरगा बसला होता. मी शेजारीच उभा होतो. बाबा ‘हिलना मत’ म्हणाले, भिंगावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले आणि पुन्हा लावलं. फिल्म नाहीच. पेटी हाच कॅमेरा, पेटी हीच डार्करूम. काळ्या कापडाच्या बाहीतून हात घालून त्यांनी आतल्या आत कागद धुतला. त्यावर चेहरा उलटा आला, काळ्याचं पांढरं. तो कागद भिंगापुढच्या फळीवर लावून त्याचाच पुन्हा फोटो काढला, की झाला फोटो तयार. बादलीत बुडवून ओलाच हातात दिला.

तो पोरगा त्या हिवाळ्यात बर्फाखाली गेला.

मी त्याच्या गावी गेलो. आईनं तोच फोटो पुढं केला. म्हणाली, “सायेब, पोरगं किती काळवंडलं हो! उन्हात लई राबवत होता का?” मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर निवृत्तीनंतर कळलं. तो कागद निळा उजेड टिपतो, लाल टिपत नाही. त्यामुळे लाल पगडी काळी येते, गव्हाळ चेहरा सावळा येतो. मी मुद्दाम पुन्हा गेलो. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी हितनं गेलं तसंच होतं म्हणायचं.”

त्या जवानाचा नंबर मला आजही पाठ आहे. बाबांचं नाव मात्र मी विचारलंच नाही. फोटोची मागची बाजू कोरी आहे.

तुमच्याही घरी ट्रंकेत असे फोटो असतील. आज रात्री ते काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा. कोण, कुठं, कधी आणि माहीत असेल तर कुणी काढला, ते मागे लिहा. पेनानं नको, शाई उमटते. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. सांगणारं माणूस आहे तोवर लिहून घ्या.

जय हिंद.